बागेतल्या माश्या मोजताना दोन गटांचे आकडे जुळत नाहीत. काय करावं?

कंट्रोलर_काका

राम राम मंडळी.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. राहतो जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे बागेच्या कारभारावर दोन शब्द येणार आहेत आणि मला रोज सकाळी त्याच बागेत फिरायला जायचं असतं.

आमच्या सकाळच्या मंडळींनी आणि कॉलेजच्या काही पोरापोरींनी मिळून त्या बागेत फुलांवर येणारे किडे मोजायला घेतलेत. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं, परागीभवनाला हातभार लावणारं जे जे येईल ते. दर रविवारी. कल्पना पोरांची, रजिस्टर माझं. घरून शेरा मिळाला की इतकी वर्षं डेपोत माश्या मारल्या, आता मोजा.

बाग लहानच. मधोमध बंद कारंजं, कडेने मेंदीचं कुंपण, कमानीवर आइसक्रीम वेल (तीच, गुलाबी झुबक्यांची), टणटणीची दोन जाळी, तगर, जास्वंद आणि एका अंगाला तुळशीचा लांबट वाफा. तो कुणी लावला कुणालाच आठवत नाही, पण चांगला माजलाय. दर्शनी भागात पालिकेचा डबल झेंडू. मागच्या पाण्याच्या टाकीला खालून आग्या मोहोळ लटकलंय. त्याचं दर्शन आम्ही लांबूनच घेतो.

आता अडचण. गेल्या रविवारी तुळशीच्या वाफ्याशी दोन गट शेजारी शेजारी बसवले. दहा मिनिटं. शिट्टी वाजली की सुरू, शिट्टी वाजली की बंद. एका गटाने लिहिलं 38, दुसऱ्याने 15. वाफा तोच, वेळ तीच, ऊनही तेच. चौकशी केली तर 38 वाल्यांनी माशी जितक्या मंजिऱ्यांवर बसली तितक्या वेळा धरली होती. 15 वाल्यांनी माशी एकदाच धरली. मी डेपोतला माणूस. स्टँडवर एक गाडी आली, फलाट एकवर लागली, मग मागे घेऊन तीनवर लावली, तर रजिस्टरला गाड्या किती? एकच ना? पण पोरं म्हणतात, काका, माशीला नंबर प्लेट नसते. तेही खरंच.

दुसरं, माश्यांसारख्या दिसणाऱ्या पण मधमाश्या नसलेल्या माश्या. पिवळे-काळे पट्टे असतात, हवेत एका जागी थांबतात आणि झपकन सरकतात. अर्धे लोक त्या मधमाशीत लिहितात, अर्धे लिहीतच नाहीत.

तिसरं, वेळ. मी आठ म्हणजे आठ ठेवलीय. एका मुलीचं म्हणणं, जानेवारीत आठला एक माशी येणार नाही. मग काय रोज वेळापत्रक बदलायचं?

आणि आता तो कारभार. मध्यंतरी एका शनिवारी संध्याकाळी डासांसाठी धुराचं मशीन आलं आणि कुंपणापासून कारंज्यापर्यंत बाग पांढरी करून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीवर काही नाही. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, हा रविवार धरू नका, उगाच सरासरी बिघडते. मी शून्य लिहिलं. आमच्या खात्यात गाडी रद्द झाली तरी त्या वेळेपुढे नोंद पडायचीच, कोरी ओळ म्हणजे कंट्रोलर झोपला होता. यावरून जरा बोलाचाली झाली, चहा वेगवेगळ्या टपऱ्यांवर झाला.

तर जाणकारांनी सांगावं. मला जातींची लॅटिन नावं नकोत. पुढच्या वर्षी याच महिन्यात मोजलं तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून काही बोलता यावं, एवढंच पाहिजे.

जुनी_प्रयोगशाळा

काका, नमस्कार. मी धुळ्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. तुमचं शून्य बरोबर आहे, ते कुणाच्या सांगण्यावरून खोडू नका. फक्त शेरा लिहा: आदल्या संध्याकाळी धूर. तो शेरा नसेल तर त्या शून्याचा अर्थ कुणाला लागणार नाही.

38 आणि 15 यांतलं कुणी चुकलेलं नाही, पण ते दोन वेगळे आकडे आहेत. बागेत किडे किती, हे पाहायचं असेल तर किडा एकदाच मोजा. एखाद्या झाडाला किडे किती उपयोगी पडतात हे पाहायचं असेल तर भेटी मोजा, कारण परागकण भेटीतून पोचतात. एका रकान्यात दोन्ही गेले की सगळं मुसळ केरात.

ब्रिटनमध्ये 2017 पासून साध्या लोकांकडून अशीच मोजणी करून घेतात. अर्ध्या मीटरचा चौकोन, दहा मिनिटं, ठरवलेलं एक फूल. चौकोनातल्या त्या फुलावर जो बसेल तो मोजायचा. पाच फुलांवर फिरला तरी एकच. वरून नुसता उडत गेला तर नाही. नंबर प्लेट नसल्याची अडचण त्यांनाही आहेच. माशी चौकोनाबाहेर गेली आणि तशीच एक आत आली, तर तीच की दुसरी हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून नियम असा करा की नजरेसमोर असेपर्यंत एक, नजरेआड जाऊन आली तर नवी. थोडी चूक राहील, पण दर रविवारी सारखीच राहील. तुम्हाला तेवढं पुरतं.

आणि सुरू करण्याआधी चौकोनात फुलं किती आहेत ते मोजून लिहा. ही गोष्ट सगळे विसरतात. आज चौकोनात साठ मंजिऱ्या आहेत, पुढच्या महिन्यात कुणी पूजेला खुडून नेल्या आणि दहा उरल्या. माश्या घटल्या असं तुम्ही लिहाल, घटल्या असतील मंजिऱ्या.

रकाने त्यांचे जसेच्या तसे उतरवू नका. त्यांच्याकडे बम्बलबीला वेगळा रकाना असतो. त्या माश्या आपल्या देशात मुख्यतः हिमालयाच्या बाजूला. त्या जागी आपला काळा भुंगा टाका, लाकूड कोरणारा. मधमाश्यांत आग्या मोठी आणि सहज ओळखू येते. फुलोरी सगळ्यात लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस, मागे काळे-पांढरे पट्टे. तुमच्या मेंदीच्या कुंपणात नीट पाहा, तळहाताएवढं एकच पोळं फांदीभोवती दडलेलं सापडेल, ते तिचं. कोरड्या, तापलेल्या मुलखात ती चांगली टिकते. सातेरी या दोघींच्या मधल्या आकाराची, ती झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. ओळख पटली नाही तर ‘मधमाशी, कोणती ते नक्की नाही’ असा रकाना ठेवा आणि तो वापरायला लाजू नका.

त्या हवेत थांबणाऱ्या माश्यांचं सोंग सोपं आहे. मधमाशीला पंख चार, यांना दोन. पण फुलावर बसलेली असताना पंख मोजत बसू नका, डोकं बघा. मिशा अगदी आखूड, दिसतात न दिसतात, आणि डोळे इतके मोठे की डोकं म्हणजे डोळेच. काहींच्या डोळ्यांवर चक्क ठिपके किंवा उभे पट्टे असतात, भिंगातून बघितलं की पोरं ओरडतात. त्यांना वेगळा रकाना द्या. परागीभवन त्याही करतात.

वेळेबाबत ती मुलगी बरोबर आहे. जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्याही खाली जातो, मधमाशीला अंग तापल्याशिवाय निघता येत नाही. मेमध्ये नऊलाच चटके बसतात, तेव्हा माश्या आधी काम उरकून घेतात. सूर्योदयानंतर दोन तासांनी मोजा. मेअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या पुढे. वेळ आपोआप सरकेल.

स्पष्टच_बोलतो

भुसावळवरून. सगळ्यांची माफी मागून विचारतो, मोजून होणार काय? धुराचं मशीन बंद करा, चार देशी झाडं लावा, माश्या येतील. वीस मेला जागतिक मधमाशी दिन असतो म्हणे. आमच्याकडे त्या दिवशी रस्त्यावर कुत्रं नसतं. त्या तारखेला बॅनर लावून फोटो काढणारे मी बघितलेत, बागेत एक फूल नव्हतं. हेही तसलंच होऊ नये.

कंट्रोलर_काका

वीस मेला आम्ही घरी पंख्याखाली असणार, काळजी नसावी. एखादा मोठा दिवस धरून मोजायचंच असेल तर सप्टेंबर बरा. पाऊस हलका झालेला असतो, तण सुद्धा फुललेलं असतं आणि देशभर फुलपाखरांची मोजणी त्याच महिन्यात चालते.

बाकी मशीन बंद करा म्हणायला मी आधीच गेलो होतो. तिथल्या साहेबांनी विचारलं, आजोबा, धुराने माश्या जातात हे कशावरून? माझ्याकडे तेव्हा दाखवायला कागद नव्हता. आता धुराआधीचा रविवार, नंतरचा रविवार आणि त्यापुढचे, सगळं एका पानावर आहे. एका बागेतल्या एका वाफ्याने काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण रिकाम्या हाताने गेलं तर खुर्ची मिळत नाही आणि रजिस्टर घेऊन गेलं तर निदान बसा म्हणतात. नोकरीत एवढं शिकलो.

@जुनी_प्रयोगशाळा, मॅडम, फार उपकार. फुलं मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. फक्त ते सूर्योदयानंतर दोन तास मला झेपणार नाही. दर रविवारी वेगळी वेळ म्हटली की अर्धी मंडळी चुकतात. उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेळापत्रकं केली तर चालेल का? होळीपासून दिवाळीपर्यंत पावणेआठ, दिवाळीपासून होळीपर्यंत सव्वानऊ?

जुनी_प्रयोगशाळा

चालेल. वेळ आणि ऊन-ढग-वारा मात्र दर वेळी लिहा. पाऊस पडत असेल तर मोजणी नाही, आणि तिथे मात्र शून्य लिहायचं नाही, ‘मोजणी झाली नाही’ असं लिहायचं. दोन्हींत फरक आहे.

भरीतवाले_यावल

राम राम काका. आम्ही शेतकरी माणसं, बामणोदच्या बाजूचे. घरी केळी आहे आणि थोडी भरताची वांगी. तुमचा धागा वाचून हसूही आलं आणि बरंही वाटलं.

केळीचं सांगतो, तिला माशीची गरज नाही. केळफुलावर माश्या घोंगावतात, पण आपण खातो ते केळ परागाशिवायच धरतं. म्हणून आमच्या इकडे माशीचं कुणाला घेणंदेणं नसतं. वांग्याचं तसं नाही. वांग्याचं फूल कधी उलटं करून पाह्यलं का? मधे पिवळ्या नळ्यांचा जुडगा असतो. पराग त्या नळ्यांच्या आत. बाकी फुलांसारख्या त्या उभ्या चिरत नाहीत, फक्त टोकाला बारीक भोक. मधमाशी आली तर बाहेरून चाटून जाते, तिला ते काढता येत नाही. भुंगा येतो, पायांनी नळ्या आवळतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. आवाज बदलतो. उडतानाची घूं वेगळी आणि ही बारीक, चढी. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं. त्या क्षणी भोकांतून पिवळी पूड त्याच्या छातीवर पडते. टोमॅटोचंही असंच.

वांगं स्वतःच्या परागावरही धरतं, नाही असं नाही. पण भुंगा फिरला की फळधारणा चांगली होते. आणि ज्या फुलांची मधली काडी आखूड असते ती तशीही गळतातच, त्याला भुंगा काही करू शकत नाही. नवे लोक उगाच औषध मारतात.

जळगावच्या भरीत वांग्याला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पाट्या लागल्या, चांगलं झालं. पण भुंग्याची पाटी कुठे नाही! मले एकच सांगायचंय, त्या डबल झेंडूऐवजी बागेत वांग्याची दहा रोपं लावा आणि तिथे मोजाले बसा. भुंगा घर करतो वाळक्या लाकडात, बांबूत. बागेतल्या कमानीचे जुने बांबू बदलले का कुणी? बदलले असतील तर भुंगे गेले म्हणून समजा.

फवारणी आम्हीही करतो, न करून भागत नाही. पण सकाळी फुलावर नाही, संध्याकाळी माशी घरी गेल्यावर. तुमचा धूरवालाही संध्याकाळीच आला होता म्हणता, पण त्याने झाडंच धुऊन काढली, मग सकाळी येणारीने बसायचं कुठे?

मंजिरी_पण_तुळशीची_नाही

काका, 38 वाला गट आमचाच 😄 तुम्ही नाव घेतलं नाहीत त्याबद्दल आभार. पण मॅडमनी भेटींना वेगळा रकाना दिला, म्हणजे आमचा आकडा अगदीच टाकाऊ नाही, हे रजिस्टरात लिहून ठेवा.

मला एक सांगायचंय, ते रविवारच्या वेळेत कुणालाच दिसणार नाही. मी क्लासवरून येताना संध्याकाळी सव्वासहाला बागेतून येते. तुळशीच्या वाफ्याच्या कडेला गवताची एक सुकलेली काडी आहे, गुडघ्याएवढी. तिच्यावर खालपासून वरपर्यंत माश्या लागलेल्या असतात. बसलेल्या नाहीत, चावून धरलेल्या! जबड्याने काडी पकडायची, पाय पोटाशी घ्यायचे आणि अंग आडवं हवेत. पोटावर फिकट निळे पट्टे, मोबाइलच्या उजेडात चमकतात. एक उशिरा आली तर तिला जागा मिळेना, तिने दुसरीच्या डोक्यावर पाय दिला, मग त्या रांगेत नुसती पायापायी. फोटो आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून जीव ओळखून देणारी साइट) टाकला, तिथल्या लोकांनी सांगितलं की निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर आहेत. माद्या जमिनीत बीळ करून राहतात, नरांना घर नाही, म्हणून ते असे काडीला लटकून झोपतात.

यांच्या माद्याही भरीतवाले दादा म्हणतात तसं फूल थरथरवतात, हे वाचलं होतं. म्हणजे वांगी लावली तर त्या येतीलच, बागेत आहेतच ना.

फक्त एक, काका. माळीमामा दर पंधरवड्याला ‘सफाई’ म्हणून सुकलेल्या काड्या उपटतात. त्यांना मी सांगून बघितलं, ते म्हणाले वरून ऑर्डर आहे. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील.

स्पष्टच_बोलतो

हे काडीवर झोपणारं प्रकरण पाहायला येतो. मोजणीचं नंतर बघू.

जुनी_प्रयोगशाळा

मंजिरी, ती काडी फार मोलाची आहे. ते नर पुष्कळदा रोज त्याच जागी परततात. तिथे रविवारच्या मोजणीव्यतिरिक्त नुसते झोपलेले नर मोजले तरी चालतील. हलत नाहीत, नंबर प्लेटचा प्रश्न नाही, दोन गटांचे आकडे जुळायलाच हवेत! मोजणाऱ्यांचा हात बसवायला याहून सोपा धडा मिळणार नाही. उजेड मात्र मंद ठेवा.

डबल झेंडूबद्दल: तो उपटायची घाई नको. त्याच्यावरही एक चौकोन ठेवा. पाकळ्या वाढवण्याच्या नादात मधली परागाची, मधाची फुलं झाकली किंवा संपली जातात, माशीला आत शिरायला वाट नसते. वर्षभर तिथे जवळपास काही आलं नाही आणि दहा पावलांवर तुळशीला गर्दी, हे एका पानावर मांडलं की पुढच्या हंगामात एकेरी पाकळीचा झेंडू किंवा कॉसमॉस मागायला तुम्हाला आधार होईल. रोपं विकत घेताना पैसे तेवढेच लागतात.

दोन गटांचं म्हणाल तर पहिली दहा मिनिटं दोघांना एकाच चौकोनावर बसवा, एकाने बघायचं आणि मोठ्याने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. बघणाऱ्याने लिहू नये. मान खाली गेली की दोन माश्या सुटतात.

कंट्रोलर_काका

ठरलं मग. चौकोन माझा भाचा वेल्डरकडून सळईचा करून आणतोय, अर्ध्या मीटरचे तीन नग. एक तुळशीवर, एक टणटणीवर, एक झेंडूवर. कमानीवरच्या वेलाला चौकोन लावायला शिडी लागेल, ते आमच्या वयात नको.

रजिस्टरला आता नवी पानं आखली आहेत: तारीख, वेळ, ऊन, वारा, चौकोनातली फुलं, मग रकाने, शेवटी शेरा. भेटींसाठी वेगळं पान, ते मंजिरीच्या ताब्यात, म्हणजे पुन्हा वाद नको. ज्या बाईंशी माझं वाजलं होतं त्यांना लिहायला बसवणार आहे. अक्षर चांगलं आहे त्यांचं, आणि शून्य स्वतःच्या हाताने काढलं की राग उतरतो.

माळीमामांशी आज बोललो. ती काडी राहील. त्यांनी तिला लाल चिंधी बांधली, म्हणजे बदली माळी आला तरी उपटणार नाही. कमानीचे बांबू मागच्या वर्षी काढून तिथे लोखंडी पाइप बसवलेत, भरीतवाले दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. जुने बांबू अजून पंप हाऊसच्या मागे पडलेत, ते तिथून हलू देत नाही. वांग्याची रोपं मात्र तुमच्याकडूनच लागतील, दहा नको, सहा पुरे. बागेत वांगी लागली की भुंग्याआधी माणसं पोचतील.

भुसावळकर, रविवारी आलात तर मागच्या फाटकातून येऊ नका, तिकडे टाकीखाली आग्या मोहोळ आहे. अत्तर, सेंट लावून येऊ नये आणि विडी-सिगारेट बाहेरच. पावणेआठला शिट्टी. आठला आलात तर चहालाच भेटू.